साळुंकीला मार्क दिसतात का

नैसर्गिक निवड हे प्रकरण मी आयुष्यात किती वेळा शिकवलं असेल, कोण जाणे. लातूरला शिकवलं, मग नांदेडला येऊन शिकवलं. परीक्षेत त्यावर दोन प्रश्न येतात, फार तर तीन. पोरांना इंग्लंडातले पतंग तोंडपाठ असतात. धुरानं झाडं काळी झाली, पांढरे पतंग पाखरांनी खाल्ले, काळे उरले. तो पतंग एकाही पोरानं पाहिलेला नसतो, आणि खरं सांगायचं तर मीही पाहिलेला नाही. तरी सगळ्यांचं उत्तर बरोबर येतं. उत्तर बरोबर येतंय म्हटल्यावर शिकवायचं काय उरलं, असा प्रश्न मला तरुणपणी पडायचा. आता पडत नाही. आता गुडघे दुखतात आणि दुपारनंतर घसा बसतो.

पण प्रश्न पडायचा त्या वर्षातली ही गोष्ट आहे. भूकंपाला नऊ-दहा वर्षं होऊन गेली होती आणि लातुरात क्लासचं पीक आलं होतं. वरच्या मजल्यावर क्लास, खाली झेरॉक्स, बाजूला मेस, अशी गल्लीच्या गल्ली. जून लागला की बाप लोक पोरांच्या गाद्यांच्या वळकट्या डोक्यावर घेऊन यायचे, औशाकडून, निलंग्याकडून, पार तिकडं हिमायतनगर, इस्लापूरहून. मी नांदेडचा माणूस. गावात कॉलेजात जागा निघेना म्हणून लातूरला आलो आणि एका क्लासात जीवशास्त्र शिकवायला लागलो. दोन वर्षांत परत जाऊ असं बायकोला सांगितलं होतं. तिनं ते अजून मला ऐकवायचं सोडलेलं नाही.

आमच्या क्लासात सोमवारची यादी ही एक भारी चीज होती. रविवारी सकाळी परीक्षा, संध्याकाळपर्यंत तपासणी, आणि सोमवारी पोरं यायच्या आत जिन्याजवळच्या फळ्यावर सगळ्यांची नावं, मार्कांच्या क्रमानं. चाळिसाव्या नावाखाली लाल खडूची रेघ. रेघेच्या वर पहिली बॅच, रेघेच्या खाली दुसरी. पहिल्या बॅचला सकाळचा ताजातवाना मास्तर मिळायचा. दुसऱ्या बॅचला तोच मास्तर दुपारी, पोटात भात आणि डोळ्यांवर झापड घेऊन. दर सोमवारी काही नावं खाली यायची, काही वर जायची, आणि जे खाली आले त्यांच्या घरी त्याच दिवशी ऑफिसातून फोन जायचा. घरी फोन नसला तर गावातल्या एसटीडीवाल्याकडे निरोप. ही यादी लिहायचं काम माझ्याकडं होतं, कारण माझं अक्षर चांगलं. चांगल्या अक्षराचं असं होतं बघा.

क्लासच्या मालकांना सगळे मोठे सर म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. आजारी पोरांना स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात न्यायचा. पण यादीवर त्यांची श्रद्धा होती. यादी कुणाचा मामा-काका बघत नाही, असं ते पालकांना सांगायचे, आणि पालक माना डोलवायचे. वशिल्याला कंटाळलेल्या लोकांना ते पटायचं. मलाही पटलं होतं.

त्या जूनमध्ये एक काका आपल्या पुतणीला घेऊन आले. भूकंपाच्या पट्ट्यातलं गाव. उंच, वाळलेला माणूस, खांद्यावर टॉवेल. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. पोरगी सात वर्षांची असताना घर पडलं, तिचे आई, वडील आणि धाकटा भाऊ त्यात गेले, ही एकटी निघाली, हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. त्या भागातली माणसं असंच सांगतात, सगळ्यांना सांगून सांगून त्यातला आवाज गेलेला असतो. मग ते मुद्द्यावर आले. देवानं हिला ठेवली ती उगीच ठेवलेली नाही, हिला डॉक्टर करायची. मात्र पहिल्या बॅचमध्ये आहे तोवरच इथं ठेवणार. खाली आली की घरी नेणार, कारण पाहुणे विचारून राहिलेत आणि नुसतं बसवून ठेवायला पोरगी काही लहान नाही. मी बरं म्हटलं. मी काय म्हणणार? पोरगी पूर्ण वेळ फरशीकडं बघत उभी होती.

पहिल्या सोमवारी ती अठ्ठाविसावी होती. मी ते नाव लिहिलं तेव्हा मला बरं वाटलं, रेघ बरीच खाली होती.

त्याच सुमारास क्लासनं पाच कॉम्प्युटर घेतले. प्रवेशाचे अर्ज आणि पेपर टाइप करायला घेतले होते, पण पालकांना काचेतून दिसावेत म्हणून पुढच्या खोलीत ठेवले. चपला बाहेर काढून आत जायचं. एका भाईंकडं ती खोली होती. तेही नांदेडचे, वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान, त्यामुळं बारीक कामाची त्यांना सवय. दुपारी मशीन रिकामी असायची आणि आम्हा दोघांनाही लातूर फार मानवत नव्हतं, म्हणून आमची गट्टी जमली. मी म्हटलं, भाई, पतंग पुरे झाले. आपण पोरांना डोळ्यांसमोर निवड होताना दाखवू. आपल्याकडचे नाकतोडे घेऊ. ज्वारीत हिरवे असतात, वाळल्या गवतात मातकट असतात, आणि साळुंकी त्यांना टिपते. भाई म्हणाले, करके देखेंगे.

महिनाभर खटपट केली. मी वहीत लिहून द्यायचो, ते मशीनच्या भाषेत घालायचे. हिरव्या शेतात शंभर नाकतोडे. प्रत्येकाला एक आकडा, एक ते शंभर, जितका जास्त तितका तो शेताच्या रंगाचा. साळुंकी येते, कमी आकड्याचे पन्नास खाते, उरलेले पन्नास पिल्लं घालतात, पिल्लांचा आकडा थोडा इकडं-तिकडं होतो, पुन्हा शंभर. दहा-बारा पिढ्यांत सगळं शेत हिरवंगार. आम्ही दोघं ते बघून इतके खूश झालो की भाईंनी खालून स्पेशल चहा मागवला.

वर्गाला दाखवलं. पोरांनी वहीत लिहून घेतलं, शेवटी सगळे हिरवे झाले. कुणाला काही शंका? कुणालाच नव्हती. मग मागच्या बाकावरून त्या काकांची पुतणी उठली. वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलगी.

"सर, साळुंकी दर खेपेला बरोबर खालचेच पन्नास उचलायलीय. तिला मार्क दिसतात का?"

वर्ग हसला आणि मी चिडलो. घड्याळात सात मिनिटं उरलेली, पुढचं प्रकरण डोक्यावर. मी म्हटलं, जेवढं विचारतात तेवढं बघा, शहाणपणा परीक्षेनंतर करा. ती बसली. असल्या वाक्यांनी पोरं खाली बसतात, हे प्रत्येक मास्तराला माहीत असतं.

पुढच्या सोमवारी मी यादी लिहीत होतो. चाळिसावं नाव झालं, लाल खडू उचलला, रेघ मारली, आणि हात तिथंच राहिला. अरे, आपण हेच लिहिलंय. शंभर नावं उतरत्या क्रमानं लावायची, रेघ मारायची, खालचे काढून टाकायचे. साळुंकी कुठं असं करते? ती समोर दिसेल तो टिपते. एखादा हिरवागार नाकतोडा नेमका तिच्या पायाशी उडी मारतो आणि मरतो. एखादा मातकट दगडाआड बसून म्हातारा होतो. हिरव्याला बरं पडतं, पण ते पुष्कळ पिढ्या मिळून बरं पडतं, दर खेपेला नाही. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या माणसानं निसर्ग म्हणून क्लासची यादी मशीनमध्ये घातली होती आणि वर चहा प्यायला होता. मला इतकी लाज वाटली की तो दिवस मी धड शिकवू शकलो नाही.

मधल्या सुट्टीत तिला बोलावून सांगितलं, तुझं बरोबर होतं, चूक माझी. ती बावचळली. मग हळूच तिनं विचारलं की सगळं साळुंकीच करते का. म्हणजे कसं, मी विचारलं. म्हणाली, "भिंत पडली तर? तवा रंगाचं काय असतंय?"

मी म्हटलं, तेव्हा रंगाचं काही नसतं. तिथं जो होता तो गेला आणि नव्हता तो राहिला. शास्त्रात तेही असतं, पण आपल्याला परीक्षेला नाही.

भाईंनी आणि मी प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. आता साळुंकी छापा-काटा करत यायची, मातकटाला धोका जास्त, हिरव्याला कमी, पण खात्री कुणालाच नाही. आणि एक कळ ठेवली. ती दाबली की भिंत पडायची. मग हिरवा का मातकट हे न बघता, प्रत्येकाचा नुसता छापा-काटा. सुरुवातीला किती नाकतोडे हवेत तेही विचारायची सोय केली.

आणि मग जी गंमत झाली ती फक्त लातुरातच होऊ शकते. आता दर खेपेला उत्तर वेगळं यायला लागलं. कधी बाराव्या पिढीत शेत हिरवं, कधी विसाव्या, कधी हिरवे सगळे भिंतीखाली आणि मातकटांचं राज्य. पोरं घाबरली. मशीन बिघडली म्हणून भाईंकडं तक्रार गेली. नेमकं रीडिंग कोणतं धरायचं, असं मला येऊन विचारू लागली. मी सांगून सांगून बेजार, की बाबांनो, नेमकं नसतं हेच तर शिकायचंय. पालथ्या घड्यावर पाणी. आठवड्याभरात खालच्या झेरॉक्सवाल्याकडं एक कागद आला, वर मोठ्या अक्षरात ‘नाकतोडे रीडिंग, इम्पॉर्टंट’. कुणीतरी एका खेपेचे आकडे उतरवून घेतले होते आणि सगळी बॅच ते पाठ करत होती. भाई तो कागद बघून इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी हसलो नाही. मला तेव्हापासूनच थकवा यायला लागला असावा.

ती मुलगी मात्र रोज दुपारी कॉम्प्युटरच्या खोलीत येऊन बसायची. जेवणाची सुट्टी, तासाभराची. पहिल्या बॅचच्या पोरी त्या वेळात गणितं करायच्या. ही एका कोपऱ्यातल्या मशीनवर कळ दाबायची आणि वहीत काहीतरी लिहायची. मला वाटलं, हीसुद्धा रीडिंगच पाठ करतेय. तिचं नाव अठ्ठाविसावरून तेहतिसावर आलं, मग सदतिसावर. ते नाव खाली सरकताना मीच लिहीत होतो. रेघ जवळ येऊन राहिली होती आणि रेघेखाली काय आहे हे तिला आणि मला, दोघांनाही ठाऊक होतं.

एका दुपारी तिला रागवायचं ठरवून मी खोलीत गेलो. ती पाणी प्यायला गेली होती, वही उघडी होती. चार उभे रकाने. वर लिहिलं होतं: आई, अण्णा, बारका, मी. खाली ओळीमागून ओळ, कुठं टिंब, कुठं फुली. पडद्यावर शेत रिकामं आणि त्यात चारच नाकतोडे. ती चार नाकतोडे घालून भिंत पाडत होती. पानंच्या पानं भरली होती.

मी आलो तसा बाहेर पडलो. चप्पल घालताना भाईंनी मान वर न करता सांगितलं की त्यांना पंधरा दिवसांपासून माहीत आहे. आप उसकू मना मत करो, म्हणाले. मना करायची माझी हिंमतही नव्हती. आज वाटतं, करायला हवी होती. दिवसाचा तासभर तिचा त्या खोलीत जात होता आणि ते खेळणं मीच तिच्या हातात दिलं होतं. मी तिला बाजूला घेऊन, बाई, आधी बॅच सांभाळ, एवढं तरी म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही. नंतर म्हणू, नंतर म्हणू, असं करत राहिलो.

दिवाळीनंतरच्या सोमवारी तिचं नाव बेचाळिसावं आलं. दोन नावं खाली. मी मार्क पुन्हा जोडून पाहिले, तिचा पेपर पुन्हा काढून पाहिला. वर-खाली करायला जागाच नव्हती. मग चांगल्या अक्षरात नाव लिहिलं, वर लाल रेघ होतीच. दहा वाजता ऑफिसातून तिच्या गावच्या एसटीडीवाल्याला निरोप गेला. ती दुसऱ्या बॅचमध्ये येऊन बसली, दुपारचा तास होता, माझाच. मी काय शिकवलं ते मला आठवत नाही.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत काका आले. मी जिन्यात भेटलो. त्यांनी यादीकडं बघितलंही नाही, पोरगी कुठाय एवढंच विचारलं. मी त्यांना कॉम्प्युटरच्या खोलीकडं नेलं. वाटेत बोलायला गेलो की अजून वेळ गेलेली नाही, पोरगी हुशार आहे, चूक माझीही आहे. ते हूं हूं करत राहिले. दाराशी त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, टॉवेलनं पाय पुसले, मग आत आले.

तिनं काकांना पाहिलं आणि उठून उभी राहिली. रडेल असं मला वाटलं होतं. रडली नाही. तिनं त्यांना स्टूल दिलं आणि, घरी जायच्या आधी एकदा बघा, म्हणाली. पडद्यावर बोट ठेवून तिनं चारही नाकतोडे दाखवले. ही आई, हे अण्णा, ह्यो बारका, ही मी. कळ दाबली, तीन गेले, आई राहिली. पुन्हा दाबली, सगळे गेले. पुन्हा दाबली, बारका एकटा राहिला. असं बी झालं असतं, ती म्हणाली. कधी कुणी, कधी कुणी. देवानं ठेवली, देवानं ठेवली, असं सगळे म्हणतात आणि मला रात्रंदिवस त्याचं ओझं होतं, की माझ्यात असं काय हाय? सर म्हणतात, काही नसतंय. फक्त छापा-काटा असतोय. इतकं सगळं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

काका पडद्याकडं वाकले. मग त्यांनी विचारलं ते तिला नाही, मला.

"ह्यात खांदणारा कुठाय?"

मला कळलं नाही. म्हणजे कोण, मी विचारलं.

"भिंत पडली, बरं. पडल्यावर कुणीतरी खांदलं आसंल का न्हाई? त्यो ह्यात कुठाय?"

खणणारा कुणीच नव्हता. आम्ही घातलाच नव्हता.

मग काकांनी जे सांगितलं ते त्यांनी दहा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, घरच्या माणसांनाही नाही. ते त्या रात्री शेतात जागलीला होते म्हणून वाचले. उजाडायच्या आत गावात पोचले तर भावाच्या घराचा ढीग झालेला. आतून दोन आवाज येत होते. एक दाराच्या अंगाला, हा हिचा. एक पाठीमागच्या अंगाला, तो बारक्याचा. खणायला ते एकटे, हातात फक्त एक खोरं. दाराकडं माती कमी होती, म्हणून तिकडून सुरुवात केली. हिला बाहेर काढेपर्यंत ऊन चढलं. मग पाठीमागं गेले. मागचा आवाज दुपारपर्यंत येत होता. त्यानंतर आला नाही.

हे सगळं ते नेहमीच्याच सपाट आवाजात सांगत होते, फक्त हात गुडघ्यांवर घट्ट धरलेले होते. म्हणूनच ते देवाचं नाव घेत आले. देवानं ठेवली म्हटलं की देवाचं होतं, खांदणाऱ्याचं राहत नाही. ते मला म्हणाले, ही डॉक्टर झाली, चार माणसं हिनं वाचवली, तर मला वाटंल की मी बरोबर बाजूनं खांदलं. गेली दहा वर्षं मी तेवढ्यासाठीच हिच्या मागं लागलोय.

ती भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मग तिनं विचारलं, "काका, आन् न्हाई झाले डॉक्टर तर?"

काकांनी टॉवेलनं तोंड पुसलं, दोनदा पुसलं. त्यांच्यावर माझा किती राग होता, जूनपासून, ते मला तेव्हा आठवलं आणि त्या रागाचं काय करावं ते कळेना.

"न्हाई झालीस," ते म्हणाले, "तरी माती हिकडंच कमी हुती, बाळ."

तेव्हा ती रडली. स्टुलापाशी खाली बसून, त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. भाई उठून बाहेर गेले. मीही गेलो.

पुढचं सांगून टाकतो. ती डॉक्टर झाली नाही. दुसऱ्या बॅचमध्ये राहिली, बारावीला बरे मार्क पडले, मेडिकलला लागण्याइतके नाही. आज उमरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. लग्न तिनं नोकरी लागल्यावर केलं, काकांनीच लावून दिलं. मी मात्र त्या वर्षी मोठ्या सरांना म्हणालो की यादी आता दुसऱ्या कुणी लिहावी. कारण विचारलं तर हात दुखतो म्हटलं. खरं बोलायला जी ताकद लागते ती माझ्यात नव्हती. सरांना ते लागलंच, मार्चनंतर त्यांनी मला नांदेडच्या नव्या शाखेत पाठवलं. बायको खूश झाली. इथंही सोमवारची यादी आहे, आता ती मोबाइलवर येते आणि रेघ आपोआप पडते.

खणणारा आम्ही घातला नाही. नांदेडला सुट्टीत भेटलो तेव्हा भाईंनी आणि मी दोनदा प्रयत्न केला. तो आधी कुणाकडं जाईल, हे काही आम्हाला लिहिता येईना. जवळ असेल त्याच्याकडं, भाई म्हणाले. मी म्हटलं, दोघं सारखेच जवळ असतील तर? मग आम्ही मशीन बंद करून जेवायला गेलो.

पण त्या मंगळवारचं अजून थोडं राहिलंय. काका तासाभरानं एकटेच खोलीतून बाहेर आले. वहाणा घातल्या. पोरीला इथंच ठेवतो म्हणाले, कोणत्या का बॅचमध्ये बसंना. त्यांना चारची गाडी गाठायची होती. जिन्याशी ते थांबले आणि फळ्याकडं बघत विचारू लागले की ही कसली यादी. मी सांगितलं. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडवर अशाच याद्या लावलेल्या होत्या, ते म्हणाले, गेलेल्यांच्या वेगळ्या आणि राहिलेल्यांची वेगळी. तेव्हाही मला वाचून दाखवायला कुणीतरी लागायचं. मग त्यांनी मला तिचं नाव दाखवायला सांगितलं. मी दाखवलं, बेचाळिसावं, लाल रेघेच्या खाली दोन बोटं. मला वाटलं, आता ते रेघेचं विचारतील. त्यांनी नावावर बोट ठेवलं, खडू पुसू नये म्हणून अगदी हलकं, आणि ते अक्षर थोडा वेळ बघितलं.

"हाय की नाव," ते म्हणाले, आणि जिना उतरून गेले.